ताजमहालाचा मेहमानखाना: तिथे पाहुणे खरंच राहत होते का?

प्रश्न असा आहे: ताजमहालाच्या पश्चिमेला लाल दगडाची मशीद आहे आणि पूर्वेला हुबेहूब तशीच दुसरी इमारत. या दुसरीचं नाव मेहमानखाना. गाइड सांगतात की मशिदीला जोड हवी म्हणून ती बांधली, बाकी तिचा उपयोग काही नव्हता. मग नाव मेहमानखाना का? पाहुणे तिथे उतरत होते का? आणि उतरत नसतील, तर एवढा खर्च कशासाठी केला?

आधी उत्तर सांगतो. ही इमारत मुक्कामासाठी बांधलेलीच नाही. पण ती नुसती शोभेची आहे, हेही चूक आहे. मुमताजमहलच्या उरुसाला, म्हणजे हिजरी तिथीने येणाऱ्या पुण्यतिथीला, जमलेल्या लोकांना बसायला मोठी, सावलीची, मानाची जागा हवी होती आणि मशिदीसमोर तिच्या तोलामोलाची वास्तू हवी होती. ही दोन्ही कामं एकाच इमारतीने केली. वाटसरू, व्यापारी, परदेशी लोक ज्या सराईंत राहत, त्याही ताजच्या मूळ आराखड्यात होत्या. फक्त त्या नदीकाठी नव्हत्या, अगदी दुसऱ्या टोकाला, दक्षिणेला होत्या. आज ताज पाहायला येणारे बहुतेक लोक तो भाग न बघताच परत जातात.

जुन्या दगडी इमारतींच्या जतनाचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. एखादी इमारत कशासाठी बांधली हे शोधताना आम्ही नावापेक्षा आधी अंगण, जमीन, दारं आणि धूर बघतो. माणूस जिथे रात्र काढतो तिथे त्याला काही गोष्टी लागतातच: बंद होणारं दार, सामान ठेवायला कोनाडा, चुलीची जागा, पाणी, शौचाची सोय, जनावर बांधायला जागा. मुघल सराईच्या एखाद्या पडक्या कोठडीतही यातल्या बऱ्याच खुणा सापडतात. चौकटीची खाच असते, दिव्याचा कोनाडा काजळलेला असतो, ओसरीच्या छतावर चुलीचा काळा थर असतो.

मेहमानखान्यात यातलं काहीच नाही. पश्चिमेकडचं त्याचं तोंड सताड उघडं आहे. मधोमध उंच पिश्ताक, म्हणजे चौकटीत बसवलेली भव्य कमान, आणि दोन्ही बाजूंना तिच्याहून ठेंगण्या कमानी. आत गेलं की एकच लांबलचक दालन लागतं. ते तीन भागांत विभागलेलं आहे आणि वर तीन घुमट आहेत, त्यातला मधला मोठा. इमारत सुमारे 56 मीटर लांब आहे, खोली मात्र त्याच्या निम्म्याहून कमी. कोपऱ्यांवर अष्टकोनी बुरूज, त्यांच्या माथ्यावर छत्र्या. एवढ्या मोठ्या वास्तूत एका कुटुंबाला पडदा मिळेल अशी जागा शोधू लागलात तर हाती काही लागणार नाही. मंगल कार्यालय आणि लॉज यांत जो फरक आहे, तोच मेहमानखाना आणि सराई यांत आहे.

आता जोडीबद्दल. मुघल वास्तूंमध्ये मध्याचा अक्ष ठरला की त्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर सारखी वास्तू उभी करायची, हा नियम शाहजहानच्या काळात फार काटेकोरपणे पाळला जाई. ताजमध्ये दोन्ही अंगांची मापं एकमेकांशी किती घट्ट बांधलेली आहेत, हे मोजणी करणाऱ्यांनी दाखवून दिलं आहे. बाग आणि नदीकाठचा चबुतरा यांची रुंदी 368 गज आहे आणि ती 23 गजांच्या चौकटीत बरोबर 16 वेळा बसते. दक्षिणेकडच्या चौकाची आणि बाजारपेठेची रुंदी 374 गज, ती 17 गजांच्या चौकटीत 22 वेळा बसते. हा गज साधारण 80 सेंटिमीटरचा. म्हणजे कागदावर आधी जाळं आखलं आणि मग त्या जाळ्यावर इमारती ठेवल्या. या शिस्तीत एका अंगाला मशीद आणि दुसऱ्या अंगाला मोकळी जमीन ही कल्पनाही कुणी केली नसती.

मशीद पश्चिमेलाच का, हा प्रश्नच नव्हता. भारतात किब्ला, म्हणजे नमाजासाठी मक्केकडे तोंड करण्याची दिशा, पश्चिमेला येतो, त्यामुळे मशिदीची मागची भिंत पश्चिमेला आणि तोंड पूर्वेला. नदीकाठच्या चबुतऱ्यावर मधोमध मकबरा आला, मशिदीने पश्चिम बाजू घेतली, की पूर्वेला काहीतरी येणं भाग होतं. इथपर्यंत गाइडचं बरोबर आहे. त्याची चूक पुढे होते. जागा जोडीसाठी ठरली म्हणून इमारत निरुपयोगी ठरत नाही. तुमच्या घराची खिडकी दर्शनी भागात कुठे यावी हे वास्तुविशारदाने समोरून बघून ठरवलं, तरी त्या खिडकीतून वारा येतोच.

दोन्ही इमारती बाहेरून सारख्या असल्या तरी आत शिरल्यावर फरक चटकन कळतात आणि ते मुद्दाम ठेवलेले आहेत. मशिदीत मागच्या भिंतीत मिहराब, म्हणजे किब्ल्याची दिशा दाखवणारा कोनाडा, आहे, शेजारी प्रवचनाचा मिंबर आहे आणि फरशीवर काळ्या दगडाच्या रेषांनी नमाजीच्या चटया आखलेल्या आहेत, 500 हून अधिक. एकेका माणसाची जागा दगडातच ठरवून दिलेली. मेहमानखान्यात मिहराब नाही, मिंबर नाही आणि फरशीवर चटयांऐवजी भौमितिक नक्षी आहे. फरशी बघा, असं मी प्रत्येकाला सांगतो. लोकांच्या नजरा घुमटाकडे लागतात आणि पायाखालचा सगळ्यात स्पष्ट पुरावा राहून जातो. नक्षीची सलग फरशी म्हणजे इथे ओळी धरून उभं राहायचं नाही. गालिचे अंथरा, तक्के टाका, हवं तसं गोलाकार बसा.

दोन्ही इमारतींच्या पुढ्यात हौद आहेत. मशिदीपुढचा हौद वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुण्यासाठी. पूर्वेचा हौद त्याची जोड, पण उन्हाळ्यात उघड्या कमानींतून आत येणारी हवा पाण्यावरून येते आणि आग्र्याच्या मे महिन्यात तेवढाही फरक जाणवतो. मेहमानखान्यासमोरच्या फरसबंदीत आणखी एक गोष्ट आहे: ताजच्या घुमटावरच्या कळसाची पूर्ण आकाराची आकृती काळ्या दगडात बसवलेली आहे, सुमारे 30 फूट लांब. खालून बघताना कळस बोटभर वाटतो. इथे जमिनीवर त्याच्या बाजूने चालत गेलं की तो किती मोठा आहे ते पायांना कळतं.

साहित्याचा विचार केला तर दोन्ही इमारतींचं अंग लाल वालुकाश्माचं आहे. घुमटांना संगमरवराचं आवरण, कमानींच्या चौकटींना संगमरवराच्या पट्ट्या, खालच्या भागात लाल दगडातच उठावाने कोरलेली फुलं. आत भिंतींवर आणि घुमटांच्या पोटात चुन्याच्या गिलाव्यावर लाल आणि पांढऱ्या रंगांत खरवडून काढलेली नक्षी आहे. रंगाचा वरचा थर ओला असतानाच रेषेरेषेने खरवडायचा, म्हणजे खालचा पांढरा दिसू लागतो. मकबऱ्यातल्या रंगीत रत्नांच्या पच्चीकारीपुढे लोकांना ही नक्षी साधी वाटते. मला ती फार आवडते. पच्चीकारी जवळ जाऊन बघायची गोष्ट आहे. ही नक्षी दालनात बसलेल्या माणसाने मान वर करून बघावी म्हणून काढलेली आहे, आणि खालच्या माणसाला ती दुरूनही नीट दिसावी इतपत तिच्या रेषा ठळक ठेवल्या आहेत. बसणाऱ्यासाठी सजवलेलं छत, हाही या वास्तूच्या उपयोगाचाच पुरावा आहे.

आता उरुसाकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

मुमताजमहल 17 जून 1631 रोजी बुऱ्हाणपूरला, चौदाव्या बाळंतपणात वारली. खानदेशच्या वेशीवरचं हे शहर तेव्हा दख्खनच्या मोहिमांचं ठाणं होतं. तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत तिला तात्पुरतं दफन केलं आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात तिचा देह आग्र्याला नेला. नदीकाठची जमीन राजा जयसिंगाची होती, ती त्याला हवेल्या देऊन घेतली. पहिला उरूस जून 1632 मध्ये झाला तेव्हा इमारती उभ्या राहिलेल्या नव्हत्या. बांधकामाच्या जागी तंबू आणि शामियाने उभारले. अमीर-उमराव, उलेमा, हाफिज, शेख, सामान्य लोक जमले. कुराणाचं पठण झालं, फातेहा झाली, खाणं, मिठाई, फळं, अत्तर वाटलं गेलं आणि गरिबांना मोठ्या रकमेचं दान दिलं. पुढच्या वर्षीचा उरूस मे 1633 मध्ये झाला, तेव्हा चबुतऱ्यावर कबरीभोवती सोन्याचा कठडा बसवला होता.

हे चित्र डोळ्यांपुढे आणा. वर्षातून एकदा मोठा जमाव येतो. त्यात मानाच्या पायऱ्या आहेत. कबरीजवळ मोजके लोक, पण बाहेर शेकडो लोक बसणार, जेवणार, पठण ऐकणार. मशिदीत नमाज होईल, पण पंगती मशिदीत बसवता येत नाहीत. म्हणजे मकबऱ्याजवळ, पण मकबऱ्याबाहेर, छपराखाली एक मोठी बैठक लागते. 1632 साली जे काम शामियान्याने केलं, तेच पुढे दगडी दालनाने करायचं होतं, असं माझं मत आहे. 6 फेब्रुवारी 1643 रोजी बाराव्या उरुसाच्या प्रसंगी दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरीने पूर्ण झालेल्या संकुलाचं तपशीलवार वर्णन लिहिलं, त्यात या इमारतीचा उल्लेख मेहमानखाना म्हणूनच येतो, मशिदीची जोड म्हणून, मिहराब आणि चटयांची फरशी वगळता तिच्यासारखीच.

दुसरा पुरावा शाहजहानच्या मुलाकडून मिळतो. 1652 च्या अखेरीस औरंगजेब दख्खनच्या सुभेदारीवर निघाला होता. वाटेत आग्र्याला थांबून त्याने आईच्या कबरीचं दर्शन घेतलं आणि वडिलांना पत्र लिहिलं. पत्र म्हणजे जवळजवळ आजच्या जतन अभियंत्याचा अहवाल आहे. पावसात मकबऱ्याच्या घुमटाला उत्तरेकडून गळती लागते, वरच्या मजल्याच्या गच्च्या ओल धरतात, यमुनेपलीकडची महताब बाग पुरात बुडाली. त्याच पत्रात मशिदीचे आणि जमातखान्याचे घुमट पावसात गळत होते आणि त्यांची दुरुस्ती झाली, असंही तो लिहितो. जमातखाना म्हणजे हीच पूर्वेची इमारत. बांधकाम पूर्ण होऊन फार वर्षं झालेली नसताना घरातल्याच माणसाच्या लेखी तिची ओळख लोकांनी जमण्याची जागा अशी होती. तिच्या उपयोगाबद्दल यापेक्षा बोलका दाखला मला माहीत नाही. आणि बादशहाच्या मुलाने तिच्या गळतीची नोंद मशिदीच्या बरोबरीने घेतली, यावरून तिला कुणी दुय्यम मानत नव्हतं हेही दिसतं.

गळतीचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो. संगमरवरी आवरणाच्या घुमटात पाणी शिरतं ते दगडातून नाही, सांध्यातून. सांध्यात चुना भरलेला असतो. जुने कारागीर चुन्यात सुरखी, गूळ, बेलफळाचा गर, उडदाचं पाणी घालून तो मुरवत. असा चुना थोडा लवचीक राहतो, उन्हाने दगड फुगला-आकसला तरी सांधा धरून ठेवतो. तिथे सिमेंट भरलं की सांधा ताठ होतो, पाणी दुसरी वाट शोधतं आणि क्षार घेऊन लाल दगडात उतरतं. वालुकाश्माच्या पापुद्र्या सुटतात त्या यामुळेच. मेहमानखान्यात गेलात की भिंतीच्या खालच्या हातभर पट्ट्यातली फुलं बघा. जिथे पाकळीची कड बोथट झालेली दिसेल तिथे ओल आणि माणसांचे हात दोन्ही पोचलेले आहेत. कृपा करून तिथे टेकून उभे राहू नका. संगमरवराला हात लावू नये हे आता बहुतेकांना माहीत असतं, लाल दगडाला कुणी जपत नाही. खरं तर तोच जास्त नाजूक आहे.

मग ज्यांना खरोखर रात्र काढायची होती ते पाहुणे कुठे गेले? ताजच्या मुख्य दरवाजाबाहेर जिलौखाना, म्हणजे मोठं अंगण आहे. त्याच्या दक्षिणेला मूळ आराखड्यात आडवा-उभा बाजार आणि चार सराया होत्या. वस्तीला नाव मुमताजाबाद. आजचं ताजगंज ते हेच. त्या सरायांच्या जागा कटरा उमरखान, कटरा फुलेल, कटरा रेशम आणि कटरा जोगीदास या नावांनी अजून ओळखल्या जातात. दाट घरांमध्ये जुन्या दरवाजांचे अवशेष दिसतात. लाहोरीच्या नोंदीप्रमाणे मकबऱ्याच्या देखभालीसाठी आग्रा परिसरातली 30 गावं लावून दिली होती, त्यांचं उत्पन्न वर्षाला सुमारे 1 लाख रुपये. त्याला या दुकानांचं आणि सरायांचं भाडं जोडलं होतं. म्हणजे वाटसरूने सराईत दिलेल्या पैशातून मकबऱ्याची दुरुस्ती, नोकरांचे पगार आणि उरुसाचा खर्च चालायचा. ताजकडे बघताना आपण फक्त नदीकाठचं पांढरं टोक बघतो. त्या टोकाला पोसणारं दुसरं टोक बाजाराचं होतं, हे कळलं की अख्खा आराखडा उलगडतो.

फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए तर लिहून गेला की शाहजहानने मुद्दाम ही जागा निवडली. परदेशी लोक जिथे उतरतात त्या बाजाराच्या चौकांजवळ मकबरा बांधला, म्हणजे साऱ्या जगाने तो पाहावा. राजा जयसिंगाची जमीन, नदीचं वळण, किल्ल्यातून दिसणारी जागा, ही कारणंही होतीच. पण ताव्हर्निए व्यापारी होता आणि व्यापाऱ्याला गिऱ्हाइकांची वर्दळ कुठे आहे ते नेमकं दिसतं. त्याचं म्हणणं मी गांभीर्याने घेतो.

मुघल पाहुणचाराची वास्तू बघायची असेल तर सराईच बघायला हवी. साधारण आराखडा असा: चौकोनी आवार, बुरुजांच्या भिंती, समोरासमोर दोन दरवाजे, भिंतींना लागून आतल्या बाजूने कोठड्यांची रांग, प्रत्येक कोठडीपुढे ओसरी. मधल्या अंगणात विहीर आणि मशीद, काही ठिकाणी हमाम. रात्री दरवाजे बंद होत. भटियारा आणि भटियारीण स्वयंपाक, चारा, खाट यांची व्यवस्था बघत. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने आग्र्याला नूरजहानने बांधलेली सराई पाहिली. ती पूर्ण दगडी आहे, लाकडाचा तुकडा नाही, कोठड्यांवर स्वतंत्र घुमट आहेत, 500 घोडे उभे राहतील आणि दोन-तीन हजार माणसं झोपतील, असं तो लिहितो. जालंधरजवळच्या नूरमहल गावातली तिचीच सराई 1618 ते 1620 च्या सुमाराची. तिचा पश्चिम दरवाजा कोरलेल्या लाल दगडाचा आहे आणि आजही तो बघण्यासाठी वाट वाकडी करावी असा आहे. दिल्लीत शाहजहानची मुलगी जहानआरा हिने चांदणी चौकात बांधलेली सराई बर्निए या फ्रेंच प्रवाशाला इतकी आवडली की पॅरिसमध्ये अशा सराया असत्या तर बाहेरून आलेल्या माणसाला सुरक्षित जागा मिळाली असती, असं त्याने म्हटलं. ती 1857 नंतर पाडली, आज तिथे टाउन हॉल आहे.

ढाक्याचा बडा कटरा मला या सगळ्यांत विशेष वाटतो. 1644 च्या सुमारास दिवाण अबुल कासिमने तो शाहजादा शुजासाठी बांधला. पुढे त्याचा सराई म्हणून उपयोग झाला. त्याला 22 दुकानं लावून दिली आणि शिलालेखात अट घातली: या दुकानांच्या उत्पन्नातून दुरुस्ती व्हावी, गरिबांना मदत व्हावी आणि तिथे उतरणाऱ्या गरजू माणसाकडून भाडं घेऊ नये. दगडात कोरलेला हा पाहुणचाराचा नियम वाचल्यावर मुघल वास्तूंकडे निव्वळ बादशाही थाट म्हणून बघणं मला जमत नाही.

मग मेहमानखान्यात कधीच कुणी राहिलं नाही का? राहिलं, पण फार नंतर आणि ज्यांच्यासाठी तो बांधला नव्हता असे लोक. एकोणिसाव्या शतकात आग्र्यात हॉटेलं नव्हती तेव्हा ब्रिटिश मंडळी ताजच्या आवारात तळ देत, या बाजूच्या इमारतींत उतरत, नवविवाहित जोडपीही तिथे मुक्कामाला येत. फॅनी पार्क्स या ब्रिटिश बाईने 1835 मध्ये ताज पाहिला. युरोपीय साहेब-मेमसाहेब कबरीसमोर बँड लावून संगमरवरी चबुतऱ्यावर नाचतात, हे तिला अत्यंत किळसवाणं वाटलं आणि तिने तसं स्पष्ट लिहिलं. नाव मेहमानखाना आणि प्रत्यक्ष राहिलेले लोक हे, त्यामुळे पुढच्या काळात ही इमारत विश्रामगृहच होती अशी समजूत पसरणं सोपं झालं असावं.

ही कल्पना मुघलांनी शून्यातून काढली असंही नाही. दिल्लीच्या लोदी बागेत बडा गुंबद आहे. त्याच्या एका अंगाला 1494 ची मशीद आणि समोर दुसरं दालन, त्यालाही मेहमानखाना म्हणतात. तिथे दोन्ही इमारती समोरासमोर आहेत, पण हुबेहूब सारख्या नाहीत. पूर्वेचं दालन साधं, मशीद नक्षीने भरलेली. ताजमध्ये दीडशे वर्षांनी हेच सूत्र परिपूर्ण झालं: बाहेरून केसाचाही फरक नाही, सगळा भेद आत ठेवला.

आणि जोड नसली तर काय होतं हे बघायला आग्र्याला जायचीही गरज नाही. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, बीबी का मकबरा बघा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानूचा हा मकबरा 1660-61 चा, आणि त्याचा वास्तुविशारद अताउल्ला हा ताजशी नाव जोडलेल्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. मूळ आराखड्यात बैठकीच्या इमारती बागेच्या भिंतींच्या मध्यावर आहेत, उत्तरेची बारादरी त्यातलीच. मकबऱ्याच्या चबुतऱ्यावर पश्चिमेला जी मशीद दिसते ती नंतर निजामाच्या काळात घातली. तिला पूर्वेला जोड नाही. समोरून चालत या, थोडं थांबा, डोळा आपोआप डावीकडे ओढला जातो. मकबरा बुटका वाटतो, प्रमाण बिघडलंय असं लोक म्हणतात. त्यातला काही दोष प्रमाणांचा आहेच, संगमरवर कमी पडला हेही खरं. पण एका अंगाला पडलेल्या त्या एकट्या इमारतीचाही वाटा आहे. पश्चिमेला मशीद आणि पूर्वेला रिकामी जागा असती तर ताज कसा दिसला असता, ते तिथे जाऊन कळतं.

प्रत्यक्ष जाणार असाल तर सकाळी दरवाजे उघडताच जा, शुक्रवार सोडून, कारण त्या दिवशी ताज पर्यटकांना बंद असतो. सगळे लोक कारंज्यापाशी फोटोसाठी थांबतात तेव्हा तुम्ही उजव्या हाताने सरळ मेहमानखान्यात चला. सूर्य इमारतीच्या पाठीमागून येतो, दालनात सावली असते आणि मधल्या कमानीत ताजची पूर्व बाजू उन्हात उजळलेली दिसते. आधी फरशी बघा, मग मागची भिंत, जिथे मिहराब नाही ती. मग पलीकडे मशिदीत जाऊन त्याच दोन गोष्टी पुन्हा बघा. दुपारी दक्षिण दरवाजाकडच्या ताजगंजच्या गल्ल्यांत शिरा आणि कटरा फुलेलचा दरवाजा विचारा. ताजच्या खऱ्या पाहुण्यांची वस्ती ती, आणि स्वस्त लॉजमध्ये उतरणारे प्रवासी आजही तिथेच राहतात.

राहिला एक उपप्रश्न: मेहमानखान्यात नमाज पढली जात नसे का? माणूस स्वच्छ जागेवर कुठेही नमाज पढू शकतो, त्यामुळे उरुसाच्या गर्दीत तिथेही कुणी पढली असेल तर नवल नाही. पण तिथे मिहराब नाही, इमामाची जागा नाही, आणि दालनाचं तोंडच पश्चिमेला उघडं असल्याने किब्ल्याकडे बघणाऱ्याच्या समोर भिंत न येता मकबरा येतो. कबर समोर ठेवून जमातीची नमाज व्हावी, असं बांधणाऱ्यांना मुळीच नको होतं. शुक्रवारची नमाज आजही पश्चिमेच्या मशिदीतच होते.